पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर का येतं रे?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. मी ३२ वर्षांचा, इंदिरानगरला राहतो, अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. कॉलेजपासून पंक रॉक, म्हणजे सत्तरच्या दशकातलं ते बंडखोर, वेगवान रॉक, ऐकतो. पाचेक वर्षांपूर्वी टर्नटेबल घेतला आणि तेव्हापासून पंकचे सात इंची सिंगल्स, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकड्या, जमवतोय, त्यातही फक्त रंगीत विनाईल, म्हणजे काळ्याऐवजी रंगीत प्लास्टिकच्या. आता १३० झालेत. सगळे बाहेरून मागवतो, बहुतेक इंग्लंडहून, पार्सल माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर येतं. बायकोला वाटतं एकेक दोन-तीनशेला मिळतो, मीही कधी खोडून काढलं नाही. खरं तर तीन लाखांच्या पुढे गेलेत. जानेवारीत आमच्याकडे बाळ येणार आहे आणि ती म्हणतेय छोट्या खोलीतलं कपाट रिकामं कर, 'त्या तबकड्यांचं काहीतरी बघ'. मला झोप लागत नाही. सगळं विकून टाकू का? विकायचं तर कसं? आणि निम्म्याहून जास्त सिंगल्स मी एकदाही वाजवलेले नाहीत, खराब होतील म्हणून. एक मित्र म्हणतो तू पंकवाला नाहीसच, तू स्टॅम्प जमवणारा आहेस, रंगीत विनाईल हा सगळा कंपन्यांचा धंदा. त्याचं खरं आहे का? ता. क. मोठ्या भोकाच्या सिंगल्ससाठी मधला ॲडॅप्टर नाशकात कुठे मिळेल? – रंगीला, इंदिरानगर"

बाबा रंगीला, आधी कपाटाचं बघू कारण ते सगळ्यात सोपं आहे. सात इंची सिंगल म्हणजे कव्हरसकट साधारण १८ सेंटिमीटरचा चौकोन, जाडी दोन-तीन मिलिमीटर, वजन ४०-५० ग्रॅम. १३० सिंगल्स उभे लावले तर दीड फुटात बसतात आणि सगळे मिळून पाच ते साडेसहा किलो भरतात. बुटांच्या दोन मोठ्या खोक्यांत मावतील, ती खोकी टीव्हीच्या युनिटखाली सरकवलीस की बाळाच्या दुपट्या-लंगोटांना अख्खं कपाट मोकळं. दिवसभर मशिनी उघडून बसणारा माणूस तू, हे तुला कळत नसेल असं मी मानायला तयार नाही, आणि तिलाही ते दिसतच असणार. दीड फुटासाठी कुणी कपाट रिकामं करायला सांगत नाही रे. तिला वास लागलाय. दोन-तीनशेच्या तबकडीसाठी नवरा रात्री एक वाजता मोबाईलवर लिलाव बघत बसत नाही एवढं तिला नक्की समजतं. त्याच्यावर येतेच, पण आधी तुझ्या मित्राचा हिशोब करून टाकू कारण त्याच्या बोलण्यात अर्धं खरंय आणि ते अर्धं तुझ्या कामाचं आहे.

धंदा म्हणतो ना, तो शंभर टक्के धंदाच, आणि पंकच्या कितीतरी आधीचा. ४५ च्या स्पीडची सात इंची तबकडी आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये बाजारात आणली तीच मुळी बहुतांशी रंगीत, कंट्रीसाठी हिरवी, क्लासिकलसाठी लाल, पोरांच्या गाण्यांसाठी पिवळी, रंग बघितला की कप्पा कळला. पंकवाले मात्र सुरुवातीला काळ्यावरच होते. डॅम्ड या बँडचा 'न्यू रोझ', ऑक्टोबर १९७६, ब्रिटिश पंकचा पहिला सिंगल म्हणून ज्याचं नाव घेतात तो, काळा. बझकॉक्सनी ५०० पाउंड उसनवारी करून जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्याच न्यू हॉर्मोन्स लेबलवर, म्हणजे घरच्याच कंपनीतर्फे, 'स्पायरल स्क्रॅच' काढला, पहिल्या खेपेला १००० प्रती, पुढे तो १६,००० पर्यंत गेला, तोही काळा. सेक्स पिस्टल्सना मार्च १९७७ मध्ये ए अँड एम कंपनीने बकिंगहॅम पॅलेसच्या बाहेर टेबल मांडून करारावर सह्या करायला लावल्या आणि आठवड्याभरात हाकलून पण दिलं, 'गॉड सेव्ह द क्वीन'च्या २५,००० प्रती छापून तयार होत्या त्यातल्या जवळजवळ सगळ्या नष्ट केल्या, ज्या थोड्या उरल्या त्या आज पंकमधल्या सगळ्यात महागड्या सिंगल्समध्ये मोजल्या जातात. काळ्याकुट्ट! म्हणजे बघ, 'फक्त रंगीत' हा जो नियम तू लावून घेतलायस त्यात पंकचा पायाच बसत नाही. तुझ्याकडे 'स्पायरल स्क्रॅच' नाही आणि का नाही, तर तो पिवळा नाही म्हणून. मित्राला सांगू नकोस, तो वर्षभर हसेल.

रंगाची लाट आली ती १९७८-७९ ला, जेव्हा मोठ्या कंपन्यांना कळलं की ही पोरं एकच गाणं परत परत विकत घेतात. त्यात सगळेच एका लायकीचे नव्हते हेही खरं. एक्स-रे स्पेक्स या बँडचा 'द डे द वर्ल्ड टर्न्ड डे-ग्लो' (डे-ग्लो म्हणजे डोळे दिपवणारा भडक रंग) घे, १९७८ चा, भडक नारिंगी विनाईलवर. गाणारी बाई स्वतःला पॉली स्टायरीन म्हणवायची (पॉलिस्टायरीन म्हणजे प्लास्टिकच), नाव शोधलं यलो पेजेस चाळून, दातांना तार लावलेली, आणि गाणं काय तर अख्खं जग कृत्रिम झालंय, जिकडे हात लावावा तिकडे प्लास्टिक. आणि ते ज्याच्यावर वाजतंय तेही डोळ्यात खुपणारं नारिंगी प्लास्टिकच. इथे रंग काढून घेतलास तर गाण्यातला अर्धा टोमणा जातो. हा सिंगल तुझ्याकडे असेल तर तो विकायचा विचारसुद्धा करू नकोस आणि नसेल तर तुझ्या १३० मध्ये काय भरलंय असा प्रश्न मी विचारीन.

आता दुसरं टोक. जनरेशन एक्सचा 'किंग रॉकर', १९७९, चार रंगांत आणि बँडमधल्या चौघांची चार कव्हरं. गाणं तेच. त्याच वर्षी डॅम्डचा 'लव्ह साँग', लाल विनाईल, परत चौघांची चार कव्हरं. चार्टवर, म्हणजे खपाच्या यादीत, नंबर चढवायचा तर एका पोराने चार प्रती घ्यायला हव्यात, एवढा साधा हिशोब होता तो. डिकीजनी 'सायलेंट नाईट' पांढऱ्यावर काढलं आणि 'बनाना स्प्लिट्स' पिवळ्यावर, म्हणजे नाताळ पांढरा आणि केळं पिवळं, विनोद म्हणून ठीक आहे, मला स्वतःला तो बँड एका बाजूच्या पुढे ऐकवत नाही. स्किड्सचा 'इन्टू द व्हॅली' पण पांढरा, पण ते गाणं कुठल्याही रंगात चांगलंच वाजलं असतं.

आणि मग यूके सब्स! तुझ्यासारख्यांसाठीच देवाने धाडलेले. 'स्ट्रँगलहोल्ड' लाल, 'टुमॉरोज गर्ल्स' निळा, 'शीज नॉट देअर' हिरवा, 'वॉरहेड' तपकिरी, सिंगल आला की नवा रंग, आणि त्याच्या आधीचा 'सी.आय.डी.' तर एकटाच चार-पाच रंगांत. यात गंमत अशी की मुळात बँडलाच सेट पूर्ण करायचा किडा आहे, त्यांनी अल्बमची नावं इंग्रजी बाराखडीच्या क्रमाने ठेवली, १९७९ ला ए पासून सुरुवात केली आणि २०१६ मध्ये झेडला जाऊन टेकले. गाणारा चार्ली हार्पर आधी केस कापायचा, १९७६ मध्ये बँड सुरू केला तेव्हा ३२ वर्षांचा होता, तुझ्याच वयाचा, बाकीची पोरं विशीतली. या माणसाबद्दल मला फार माया आहे. पण म्हणून एकच 'सी.आय.डी.' पाच रंगांत घ्यायचा? तुझ्या पत्रात लिहिलेलं नाहीस, पण मी पैज लावते तुझ्याकडे तो किमान तीन रंगांत आहे आणि उरलेल्या दोनांसाठी अलर्ट लावून ठेवलाय.

म्हणून विकू की नको हे ठरवायच्या आधी एक काम कर. सगळे १३० बाहेर काढ, जमिनीवर चादर टाक, पंखा बंद कर, आणि एकेक हातात घेऊन स्वतःला विचार की हाच सिंगल काळ्या विनाईलवर असता तर मी घेतला असता का. उत्तर लगेच हो आलं तर उजवीकडे. 'नाही, पण सेटमध्ये तेवढा एकच कमी होता ना' असं आलं तर डावीकडे. 'किंमत वाढेल' असं आलं तरी डावीकडेच. खूप वेळ विचार करावा लागला तर तोही डावीकडे, उगाच तिसरा ढीग करू नकोस, तिसऱ्या ढिगात शेवटी सगळंच जातं. माझा अंदाज विचारशील तर उजवीकडे साठ-सत्तरच्या वर काही जाणार नाहीत आणि त्याचं तुला फारसं वाईटही वाटणार नाही.

उजवीकडचे सगळे वाजवायचे. सगळे म्हणजे सगळे, आणि लगेच. खराब होतील म्हणून वाजवत नाही म्हणतोस, अरे ते १९७९ च्या कुठल्यातरी इंग्लिश पोराने पार्टीत, स्वस्तातल्या जड आर्मच्या प्लेअरवर, बिअरच्या हातांनी वाजवून झालेत, तुझ्या टर्नटेबलने त्यांचं आता काय वाकडं होणार? तबकडी स्वच्छ असेल आणि सुईचा भार बरोबर असेल तर खाचा शेकडो वेळा वाजवून टिकतात. खरी भानगड त्या भाराची आहे. बऱ्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या त्या डबीला, दीड-दोन ग्रॅम लागतो, ते सूटकेससारखे दिसणारे प्लेअर येतात त्यांच्यात सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि भार पाच ग्रॅमच्या आसपास, शिवाय ॲडजस्ट करायची सोय नाही. तुझा टर्नटेबल कुठला ते लिहिलं नाहीस. सूटकेसवाला असेल तर डावीकडच्या ढिगाचे पहिले पैसे तिकडे घाल. भार मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, काही शेकड्यांत येतो, तो घे.

रंगीत विनाईलचा आवाज वाईट असतो हेही तुला कुणीतरी सांगितलं असणारच, तर त्यातलं तथ्य एवढंच. विनाईल म्हणजे पीव्हीसी, त्याचा स्वतःचा रंग जवळजवळ पारदर्शकच, काळा येतो तो कार्बन ब्लॅक मिसळल्यामुळे, त्याने स्टॅटिक (धूळ ओढणारी स्थिर वीज) थोडं कमी धरतं आणि प्रेसवाल्याला तबकडीवरचे दोष पटकन दिसतात. सत्तरच्या दशकातल्या काही रंगीत प्रेसिंग्जना, म्हणजे कारखान्यातल्या खेपांना, खरंच चरचर जास्त आहे, आता चांगल्या कारखान्यातून आलेल्या रंगीत आणि काळ्यात कान लावून बसलास तरी फरक सापडायचा नाही. पिक्चर डिस्क वेगळी, तिच्यात चित्राच्या कागदावर पातळ थर दाबलेला असतो म्हणून खरखरते, ती भिंतीवर लावायची वस्तू आहे.

नाशिकच्या हवेचं मात्र गांभीर्याने घे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, बंद गाडीत तर त्याच्या खूप वर, आणि पीव्हीसी साठ-सत्तर डिग्रीला मऊ पडायला लागतं, म्हणजे ऑफिसमधून आणलेलं पार्सल डिकीत ठेवून वाटेत भाजी घ्यायला उतरलास आणि कुणीतरी ओळखीचं भेटलं तर घरी येईपर्यंत तबकडीची परात झालेली असेल. खोकं पश्चिमेच्या भिंतीला लावायचं नाही, तबकड्या आडव्या एकावर एक रचायच्या नाहीत, उभ्याच. उन्हाने रंग उडतो, पारदर्शक असेल ती पिवळी पडते. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, जुलै-ऑगस्टमध्ये दहा-दहा दिवस ऊन नाही, कव्हरच्या कागदावर बुरशीचे ठिपके येतात, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि दर महिन्याला बदल. बाहेरचं प्लास्टिकचं पाकीट पॉलिप्रॉपिलीनचं घे. ते मऊ, जाड, वास येणारं पीव्हीसीचं असतं ना, दिसायला भारी, ते वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) तबकडीवर उतरतं आणि धुरकट डाग पडतो जो पुसून जात नाही. धुवायचं तर डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे एक-दोन थेंब, मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने गोल गोल, लेबल ओलं होऊ द्यायचं नाही, वर परत नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा हात. नळाचं पाणी नको.

आता डावीकडचा ढीग. सगळा एकदम कुणाला देऊ नकोस, कितीही झोप उडालेली असली तरी. सगळं एकगठ्ठा घेणारा माणूस भेटतो, गोड बोलतो, आणि तुझ्या तीन लाखांच्या मालाचे पन्नास हजार हातावर ठेवतो, त्यात त्याची चूक नाही, एकगठ्ठ्याचा भाव तोच. नाशकात गिऱ्हाईक शोधत बसू नकोस. भद्रकालीतल्या जुन्या बाजारात किंवा गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात तबकड्या दिसतात त्या एचएमव्हीच्या सिनेमाच्या ईपी, म्हणजे तीन-चार गाण्यांच्या छोट्या तबकड्या, आणि देवळाली कॅम्पातल्या एखाद्या बंगल्यातून इंग्रजी काही बाहेर पडलंच तर ते जिम रीव्ज या अमेरिकन गायकाचं. तुझा माल घेणारा माणूस मुंबई-पुणे-बंगळूरला किंवा बाहेर. डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या वेबसाईटवर प्रत्येक प्रेसिंगचं वेगळं पान आहे, त्यावर आधी कितीला विकला गेला त्याचा सगळ्यात कमी, मधला आणि सगळ्यात जास्त आकडा दिसतो. तू मधला धर. लोक मागतात तो भाव बघू नकोस, मागायला काय जातंय.

त्यासाठी आधी तुझ्याकडे नेमकं कुठलं प्रेसिंग आहे ते बघावं लागेल, आणि इथे एखाददुसरा धक्का बसेल असं धरून चाल. तबकडी ट्यूबलाईटखाली तिरकी धर, गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी राहते तिच्यात कोरलेले आकडे-अक्षरं दिसतील, अगदी बारीक, मोबाईलच्या टॉर्चने एका बाजूने प्रकाश टाकलास तर उठून येतात. तो मॅट्रिक्स नंबर. काही ब्रिटिश सिंगल्सवर तिथे हाताने खरडलेलं 'अ पोर्की प्राइम कट' सापडेल, ती जॉर्ज पेकहॅम नावाच्या, मास्टर म्हणजे मूळ तबकडी कापणाऱ्या कारागिराची सही. हे सगळं पानावरच्या माहितीशी अक्षर न् अक्षर जुळवायचं. मिसफिट्स या बँडचा 'हॉरर बिझनेस', १९७९ चा पिवळा, असा कुणी तुला 'ओरिजिनल' म्हणून परवडणाऱ्या भावात दिला असेल तर तो आधी तपास, त्यांच्या जुन्या सिंगल्सच्या नकला पोत्याने फिरतात. नक्कल निघाली तर नक्कल म्हणूनच वीक, गाणं तेच आहे, घेणारे घेतात.

कंडिशन लिहिताना हात आखडता ठेव. तुला नवीकोरी वाटते ती 'एनएम' (निअर मिंट, जवळजवळ नवी) लिहायच्या आधी उन्हात धर, हेअरलाईन म्हणजे केसासारखे ओरखडे दिसले तर 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस, त्याच्या खालची पायरी) म्हण, घेणारा खूश होतो आणि परत येतो. पाठवताना तबकडी कव्हरमधून बाहेर काढून कव्हरच्या मागे वेगळ्या पाकिटात ठेवायची, कव्हरच्या आत ठेवून पाठवली तर वाटेतल्या आदळआपटीत तिची कड कव्हरची शिवण फाडते, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकलेलं कव्हर कुरियरच्या पोत्यात फाटलं की तुझी अर्धी किंमत गेली. दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा, एकाच्या रेषा उभ्या एकाच्या आडव्या.

नवीन घेणं? बाळ सहा महिन्यांचं होईस्तोवर बंद. अलर्ट काढून टाक, आजच. नंतर घेशील तेव्हा सिंगलची किंमत, पोस्टेज, कस्टम्सची ड्युटी आणि टॅक्स सगळं मिळून जो आकडा होतो ती किंमत धरायची, तुला वेबसाईटवर दिसते ती नव्हे. आणि विकणाऱ्याला 'गिफ्ट लिहून पाठव' म्हणायची सवय असेल तर ती सोड, पाच हजारांपर्यंतच्या गिफ्टची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच काढून घेतली, राखीसारखे अपवाद सोडून, आणि मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या फॉरेन पोस्ट ऑफिसात बसलेल्या लोकांनी असली गिफ्टं तुझ्या जन्माच्या आधीपासून पाहिलीत.

बरं. आता बायको.

तिला सांगायचं, आणि विकायच्या आधी सांगायचं. मला माहितीये तुझ्या डोक्यात काय चाललंय, आधी गुपचूप पन्नास-साठ विकतो, लाख-दीड लाख उभे करतो, मग तिला म्हणतो की बघ, एवढे आले. नको. ते पण लपवणंच झालं आणि त्यात परत पार्सलं ऑफिसातूनच जाणार. शिवाय तिने विचारलं की दोन-तीनशेच्या तबकड्यांचे दीड लाख कसे आले, मग काय सांगशील?

एक कागद कर, एक्सेल नको, प्रिंटआउट बघितलं की घरात ऑडिट आल्यासारखं वाटतं. हाताने लिही, वर्षाप्रमाणे, साधारण किती गेले, ड्युटीसकट. बँकेचं ॲप उघडून खरे आकडे घे, 'तीन लाखांच्या पुढे' हे उत्तर नाही, तीन लाख दहा की तीन लाख नव्वद ते तुला सांगता आलं पाहिजे, तिने विचारल्यावर मोबाईल काढून शोधत बसलास तर वाटेल अजून काहीतरी दडवतोय. मग जेवणं झाल्यावर, तुझी आई टीव्ही बघायला बसली असेल तेव्हा, आत जाऊन शांतपणे सांग. डॉक्टरकडे जायच्या दिवशी नाही, तिच्या माहेरची माणसं आलेली असताना नाही, आणि डोहाळजेवणाच्या आसपास तर अजिबात नाही. पहिलं वाक्य पैशाचं असू दे. 'मी तुला कधी बोललो नाही पण त्या तबकड्यांना अमुक अमुक गेले.' पंकचा इतिहास, रंगांचं महत्त्व, किंमत वाढते, हे सगळं तिने विचारलं तर, आणि त्या दिवशी ती विचारणार नाही.

ती चिडेल. रकमेवर चिडेल असं तुला वाटतंय, मला वाटतं ती रकमेवर तेवढी चिडणार नाही, घरी दोघांचा पगार येत असेल तर तीन-साडेतीन लाख पाच वर्षांत गेले हे ती आठवड्याभरात गिळेल, लोक सिंहस्थाच्या नावाने प्लॉटात अडकवून बसलेत त्याच्यापुढे हे काहीच नाही. ती अडकेल ऑफिसच्या पत्त्यावर. म्हणजे तुझ्या ऑफिसातल्या वॉचमनला माहिती, शेजारच्या टेबलवरच्याला माहिती, आणि मला नाही? या प्रश्नाला उत्तर देऊ नकोस, उत्तर नाहीचे त्याला. 'हो, चुकलं' एवढंच म्हण आणि 'पण' लावू नकोस त्याच्यापुढे. आणि पुढचं जे काही पार्सल येईल, विकल्याचं परत आलेलं असो नाहीतर सिलिका जेलच्या पुड्या असोत, ते घरच्या पत्त्यावर.

डाव्या ढिगाचे जे पैसे येतील त्यांचं काय करायचं ते तिला ठरवू दे. पूर्ण. त्यात तुझा वाटा मागू नकोस. उजवा ढीग तुझा, त्याबद्दल मात्र गयावया करायची गरज नाही, दीड फुटाच्या जागी आता पाऊण फूट झालं, ते टीव्हीखाली राहील आणि रविवारी सकाळी वाजेल. कुठला आधी लावायचा म्हणशील तर तो नारिंगी लाव, बाई गातेय, सॅक्सोफोन आहे, चालून जाईल. यूके सब्सला महिनाभर थांबू दे.

सगळं विकू का या प्रश्नाचं उत्तर वेगळं द्यायला नको ना? नको विकूस. बाळ झाल्यावर झोप तशीही जाणार आहे, पण रात्री तीन वाजता पोर खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना हेडफोनवर दोन-अडीच मिनिटांचं गाणं फार बरं पडतं.

ता. क. चं. ॲडॅप्टर विकत शोधू नकोस, तू अंबडला आहेस रे, चार गाळे सोडून लेथ असेल. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश सिंगल्सना तो लागतच नाही, त्यांच्या मधोमध चार टेकूंवर धरलेला तुकडा असतो, ज्यूकबॉक्ससाठी तोडून काढायचा, तो चुकूनही तोडू नकोस, तुकडा शाबूत असेल तर भाव जास्त. मोठ्या भोकाचे बहुतेक अमेरिकन असतात. भोक दीड इंचाचं, म्हणजे ३८.१ मिलिमीटर, तर डेल्रिनचा (कडक प्लास्टिकचा) रॉड घेऊन बाहेरचा व्यास ३८ ला उतरवायला सांग, आतलं भोक सव्वासात मिलिमीटर, उंची तबकडीपेक्षा थोडी जास्त म्हणजे बोटाने धरून काढता येईल. आतला आणि बाहेरचा गोल एकाच सेटिंगमध्ये मार म्हणावं, जॉब काढून परत बांधला आणि केंद्र अर्ध्या मिलिमीटरने जरी हललं तरी गाणं डोलायला लागतं. अल्युमिनियमचाही चालेल, फक्त कडा मारून घे, नाहीतर लेबल कापेल. दोन करून घे, एक कुठेतरी पडतोच.